लिंबाखाली खोलून पडलेली गाडी आन् मिस्त्रीचं पार्किंग भाडं

घाटंजीकडच्या एका भावानं लांबलचक लिहून पाठवलंय, मी थोडक्यात सांगतो. 2012 ची स्प्लेंडर, धूर मारत होती म्हणून दिवाळी झाल्यावर तालुक्याच्या मिस्त्रीकडे टाकली. त्यानं इंजिन खोललं, ब्लॉक-पिस्टन बदलावं लागते म्हणाला, साडेनऊ हजार सांगितले, चार हजार फोनपेवर घेतले आणि नागपूरवरून माल आला की पंधरा दिवसांत गाडी देतो असा शब्द दिला. मग भाऊ कापूस वेचणीत गुंतले, दोनदा फोन केला तर "काहून घाई करून राह्यले, होऊन जाते ना" एवढंच. होळीच्या आधी जाऊन पाहतात तर गाडी गॅरेजमध्ये नाहीच, रस्त्यापलीकडच्या लिंबाखाली. इंजिन पोत्यावर उघडं, ब्लॉक गंजलेला, वायरिंग उंदरांनी कुरतडलेली, टाकीत पाणी, कार्बोरेटर गायब. वरून मिस्त्री म्हणतो, उरलेले साडेपाच हजार दे आन् 120 दिवसांचं पार्किंग रोजचे 50 प्रमाणे 6,000, मग गाडी ने. भाऊ विचारतात, रात्री ट्रॅक्टर-ट्रॉली लावून उचलून आणू का, आरसी तर माझ्याच नावावर आहे.

नका आणू भाऊ. हे आधीच सांगून ठेवतो, कारण चिठ्ठीचा सूर पाहता ट्रॉलीत डिझेल भरलं असावं असं वाटते.

स्वतःच्या वस्तूची चोरी होत नाही असं सगळेच समजतात, पण कायदा तसं म्हणत नाही. 1860 च्या दंड संहितेत चोरीच्या कलमाखाली घड्याळाचं उदाहरण होतं, तेच आता भारतीय न्याय संहितेच्या कलम 303 मध्ये आलंय. माणसानं घड्याळ दुरुस्तीला दिलं, दुरुस्तीचे पैसे देणं बाकी आहे आणि दुकानदारानं त्या पैशांसाठी घड्याळ कायदेशीर अडकवून ठेवलं, तर मालकानं ते पैसे बुडवायच्या इराद्यानं उचलून नेणं म्हणजे चोरी. काहीच देणं नसेल आणि उघड उघड जबरदस्तीनं घेतलं तर चोरी नाही, पण दुकानात घुसण्याचा आणि अंगावर जाण्याचा गुन्हा लागू शकते. तुमचं देणं आहे की नाही हाच तर वाद आहे, तो रात्री दोन वाजता लिंबाखाली सुटणार नाही. आणि मिस्त्रीनं सकाळी ठाण्यात जाऊन गाडीसोबत माझा पाना-सेट पण नेला म्हणून सांगितलं तर तुम्ही काय करणार?

आता तुमच्या बाजूचं सांगतो, आणि तुमची बाजू बरीच भारी आहे. गाडी दुरुस्तीला देणं म्हणजे भारतीय करार कायदा 1872 च्या भाषेत निक्षेप, इंग्रजीत बेलमेंट. कलम 151 सांगते की ज्याच्या ताब्यात वस्तू दिली त्यानं तिची एवढी काळजी घ्यावी जेवढी साधारण शहाणा माणूस तशाच परिस्थितीत स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल. म्हणून मी पहिलं विचारीन की मिस्त्रीची स्वतःची गाडी हिवाळाभर कुठं उभी होती. शेडमध्ये असेल तर त्याचाही फोटो काढा, लय कामाचा आहे.

कारण इंजिन उघडं ठेवणं आणि बंद गाडी उभी ठेवणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि हे मिस्त्रीला तुमच्या-माझ्याहून जास्त कळते. ब्लॉकच्या आतली बाही, म्हणजे पिस्टन ज्यात सरकते ती नळी, बिडाची असते, वर ॲल्युमिनियम दिसते म्हणून लोकं फसतात. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे आपल्याकडे पऱ्हाटी भिजेल एवढं दव पडते, तेवढ्यात उघड्या बोरवर, म्हणजे या नळीच्या आतल्या बाजूवर, दोन रात्रीत लाल पापुद्रा चढते. अर्धी टाकी रिकामी असली की आतल्या हवेतली वाफ थंड पत्र्यावर पाणी होऊन खाली बसते, त्यात आजकालचं इथेनॉलवालं पेट्रोल पाणी ओढून घेते. खबरदारी काही अवघड नव्हती, बोरला ऑइल, भोकांना चिंध्यांचे बोळे, टाकी फुल नाहीतर एकदम रिकामी, आणि सगळं छताखाली. ताडपत्री गच्च गुंडाळली तर आत घाम येते, सैल टाकावी लागते. माझ्या बाबांची राजदूत गोठ्यात कडब्याआड तीन हिवाळे पडून होती, सायलेन्सरमध्ये उंदरानं अख्खा संसार मांडला होता, पण इंजिन बंद होतं म्हणून वाचलं. असो.

मिस्त्री म्हणेल मी काळजी घेतली होती, कलम 152 त्याला तेवढी वाट देते, पण वस्तू त्याच्या ताब्यात खराब झाली तर कसं झालं हे सांगायची जबाबदारी त्याचीच. शिवाय कलम 161 आहे, ठरलेल्या वेळी त्याच्या चुकीनं वस्तू परत मिळाली नाही तर त्यानंतरच्या नुकसानीला तो जबाबदार. म्हणून ते "पंधरा दिवसांत" कुठं लिहिलेलं आहे का बघा, व्हॉट्सॲपवर, व्हॉइस मेसेजमध्ये, कुठंही. तुम्ही लिहिलं नाही पण मला शंका आहे म्हणून विचारतो, मधे त्यानं बाकी पैसे टाका मग माल मागवतो असं म्हटलं होतं का? म्हटलं असेल आणि तुम्ही कापूस विकल्यावर देतो म्हणाला असाल तर बाजू थोडी सैल होते. वकिलापासून लपवू नका, समोरचा सांगणारच आहे.

पार्किंगचं मात्र मला हसू आलं. गाडी अडवून ठेवायचा हक्क कारागिराला कलम 170 देते, पण तो त्या वस्तूवर मेहनत किंवा हुनर लावून केलेल्या कामाच्या मजुरीपुरता. तिथं उदाहरण हिऱ्याला पैलू पाडणाऱ्याचं आहे, हिरा ठेवून घेणाऱ्याच्या भाड्याचं नाही. लिंबाखाली उभी करायला कोणतं हुनर लागते? आधी भाडं ठरलं नसेल तर त्यासाठी गाडी अडवता येत नाही. आणि रस्त्यापलीकडची ती जागा त्याची तरी आहे का? रस्त्याच्या हद्दीतली किंवा गावठाणातली असेल तर सरकारी लिंबाचं भाडं तो कोणत्या तोंडानं मागते, हे नोटिशीत एका ओळीत नक्की विचारू. साडेपाच हजारही पूर्ण कामाचे होते, काम तर झालंच नाही. फार तर इंजिन खोलायची मजुरी तो मागू शकते, आणि ती तुमच्या चार हजारांतून वळती होते असं आपण म्हणायचं.

पोलिसांकडे जायचं तर कार्बोरेटरपुरता साधा अर्ज द्या आणि पोचचा शिक्का घ्या. न्याय संहितेचं विश्वासघाताचं कलम 316 लागायला बेइमानीचा इरादा दिसावा लागते, बहुतेक तुम्हाला दिवाणी मॅटर म्हणून परत पाठवतील. गाडीच चोरीला गेली असा खोटा रिपोर्ट मात्र देऊ नका, त्याच संहितेचं कलम 217 उलटं तुमच्यावर येईल.

खरा रस्ता यवतमाळचा जिल्हा ग्राहक आयोग. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंत फी नाही, मुदत दोन वर्षं, वकील नसला तरी चालते (हे मी माझ्याच पोटावर पाय देऊन सांगतोय). मिस्त्रीनं बिल दिलं नाही म्हणून घाबरू नका, फोनपेची नोंद हेच बिल. दुसऱ्या मिस्त्रीकडून किती खर्च लागेल याचं लेखी अंदाजपत्रक घ्या, त्यावर ब्लॉक गंजानं गेला असं स्पष्ट लिहून घ्या. त्याआधी स्पीड पोस्टानं नोटीस, पंधरा दिवसांची. कित्येक मिस्त्री नोटीस पाहूनच नरमतात, कारण गिऱ्हाइकं गावचीच असतात. नाहीच तर तालुका विधी सेवा समितीत अर्ज करा, लोकअदालतीत मिटलं तर तो निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच असते.

आणि समजा पेरणीआधी गाडी पाहिजेच, तर थोडे पैसे देऊन सोडवा, पण पावतीवर "हक्क राखून, नुकसानभरपाईचा दावा कायम" असं स्वतःच्या हातानं लिहा. ट्रॉलीत टाकूनच आणा, विमा जानेवारीत संपला म्हणता, चाकावर ओढत आणू नका. विम्यातून गंजाचे पैसे मिळतील ही आशा सोडा.

उद्या मात्र दिवसाउजेडी जा, सोबत गावातला एखादा शांत डोक्याचा माणूस घ्या, भाचे-पुतणे नकोत. इंजिनच्या केसवरचा नंबर आणि हँडलच्या मानेवरचा चेसिस नंबर यांचे फोटो काढा, आरसीशी जुळवा, इंजिनची केस बदलली असेल तर पुढच्या वर्षी 2027 मध्ये आरसीची पंधरा वर्षं भरतात तेव्हा आरटीओत अडकाल. टाकीचं झाकण उघडून आतला फोटो घ्या आणि मिस्त्रीला ती रिकामी करू देऊ नका.