नाटकाच्या सुती पडद्याला आग लागू नये म्हणून बोरॅक्सचं (टाकणखाराचं) पाणी पुरतं का? आणि विकणारा काडी लावून दाखवतो, ती खात्री धरायची का?

बोरॅक्स पुरतं, पण पहिल्या धुण्यापर्यंतच. नाटकाचे पडदे तुम्ही कुठे दर महिन्याला धुताय, त्यामुळे ७ भाग बोरॅक्स आणि ३ भाग बोरिक अ‍ॅसिड गरम पाण्यात विरघळवा, कापड बुडवून पिळा, वाळवा. नुसतं बोरॅक्स नको, ज्योत विझते पण कापड धुमसत राहतं, ते धुमसणं बोरिक अ‍ॅसिड थांबवतं.

आता काडीचं. हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितोय.

मी इचलकरंजीत प्रोसेस हाऊसला, म्हणजे विणलेलं कापड तयार करून देणाऱ्या कारखान्यात, फिनिशिंग म्हणजे कापडावरची शेवटची प्रक्रिया बघायचो. एका फाउंड्रीला भट्टीवरच्या लोकांच्या कपड्यांसाठी कॉटन ड्रिल, म्हणजे जाड सुती कापड, हवं होतं. आम्ही पक्कं फिनिश सांगितलं, म्हणजे फॉस्फरसचं केमिकल पॅडिंगला (कापड त्यात बुडवून रोलरमध्ये पिळून) चढवायचं, वाळवून १५० डिग्रीच्या वर तापवून क्युअर म्हणजे पक्कं करायचं, मग सोड्याने न्यूट्रल करून धुवायचं, ते सुताला धरून बसतं आणि ताप लागला की कापडाचा जळाऊ गॅस व्हायच्या आधीच कोळसा करतं. दुसऱ्या पार्टीने नुसत्या बोरॅक्ससारख्या, धुण्यात निघून जाणाऱ्या क्षारांत बुडवलेलं कापड निम्म्या भावात आणलं. खरेदीच्या साहेबांनी टेबलावरच दोन्ही तुकड्यांना काडी लावली, दोन्ही काळे पडून विझले, आणि म्हणाले सारखंच तर आहे, तुम्हाला दुप्पट कशाला देऊ. मी म्हटलं साहेब दोन्ही साबणाने धुवा, वाळवा आणि मग लावा. म्हणे एवढा वेळ नाही. ऑर्डर तिकडे गेली.

पुढे तिथल्याच एका पोराची बाही ठिणगीने पेटली, कोपरापर्यंत हात भाजला. आमच्याच गल्लीतला पोरगा. आणि साहेबांचं म्हणणं काय, तर कामगारांनी कपडे धुतले म्हणून असं झालं! भट्टीपुढे दिवसभर घाम गाळणाऱ्याने कपडे धुवायचे नाहीत? हे मी त्यांना तोंडावर विचारलंय, अजून उत्तर दिलेलं नाही.

म्हणून न धुतलेल्या तुकड्यावरच्या काडीला काडीचीही किंमत नाही. तुकडा घरी आणा, चांगला चारपाच वेळा धुवा, मग अंगणात चिमट्यात उभा धरून खालून पेटवा, पाण्याची बादली जवळ ठेवून. विकणारा याला नाही म्हणाला की उठून यायचं.

पक्क्या फिनिशचेही त्रास आहेत हे सांगायला हवं, कापडाची ताकद थोडी कमी होते, फॉर्मल्डिहाइडचा वास राहू शकतो, क्लोरीनचं ब्लीच अजिबात चालत नाही. बोअरच्या जड पाण्यात साबणाने धुतलं तर साबणाचा थर कापडावर बसतो आणि तो थर स्वतःच पेटतो, डिटर्जंट वापरा. आणि पडद्यात पॉलिएस्टर मिक्स असेल तर वरचं ७-३ चं प्रमाण सोडून द्या, ते शुद्ध कॉटनचंच आहे.