सोलापूरच्या कपाटातली बोर्दो

प्रश्न : माझ्या मेहुण्यांनी फेब्रुवारीत फ्रान्सहून बोर्दो परिसरातल्या पॉइयाक गावची, १९९० सालची लाल वाइन आणून दिली. ते साल फार नावाजलेले आहे असे ते म्हणतात. तेव्हापासून बाटली आमच्या कपाटात उभी आहे. ती आणखी काही वर्षे राखून ठेवावी का, आणि उघडलीच तर चव कशी घ्यावी?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : राखून ठेवू नका, याच हिवाळ्यात उघडा. १९९० साली बोर्दो परिसरात द्राक्षे उत्तम पिकली आणि ती वाइन दीर्घकाळ टिकणारी ठरली हे खरे; परंतु हे आयुष्य अंधाऱ्या तळघरातल्या बारा ते चौदा अंश तापमानात मोजलेले असते, आणि आपल्याकडे तर उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. उष्णतेने वाइन फुगून बूच वर ढकलते आणि तिला शिजवलेल्या मुरंब्यासारखा वास येऊ लागतो. म्हणून आधी बूच वर आले आहे का, त्यावरच्या पत्र्याखाली चिकट ओघळ आहे का, हे पाहा. नसेल, तर आशेला जागा आहे. खरे तर बाटली आडवी ठेवायला हवी होती, म्हणजे बूच ओले राहते. मात्र उभी राहिल्यामुळे साका तळाशी बसला असेल, तो हलू देऊ नका.

हा साका म्हणजे बिघाड नव्हे. पॉइयाकच्या वाइनमध्ये काबर्ने सोव्हिन्यों या जाड सालीच्या, बियांच्या द्राक्षाचा वाटा मोठा असतो, आणि जांभूळ खाल्ल्यावर जीभ ओढली जाते तसा तुरटपणा देणारे टॅनिन त्या सालीतून व बियांतून येते. वर्षांनुवर्षे टॅनिन आणि रंगद्रव्ये एकमेकांना जोडली जाऊन जड होतात व खाली बसतात; त्यामुळे वाइन फिकट आणि मऊ होते. आपल्या नान्नजची बिनबियांची सोनाका खाऊन वाढलेल्या जिभेला द्राक्ष म्हटले की गोडवाच आठवतो, आणि अशी जुनी वाइन पहिल्या घोटाला रोडावलेली वाटते. तो गोडवा येथे शोधू नका, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.

बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून सतरा-अठरा अंशांवर आणा. जुने बूच ठिसूळ असते, तेव्हा सावकाश काढा. पांढऱ्या कापडावर पेला तिरका धरलात की कडेला वीटकरी रंग दिसेल. मग वास घ्या, कारण निम्मा आनंद तेथेच आहे : तंबाखूचे पान, चामडे, वाळका पाचोळा, नुकतीच तासलेली पेन्सिल. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर दोष बुचाचा आहे. त्यावर उपाय नाही. सोबत शेंगा चटणी नको, तिखटापुढे हे नाजूक वास टिकत नाहीत. मीठ-मिरी लावून भाजलेले मटण पुरे. तासन्‌तास आधी ओतून ठेवू नका, कारण इतकी जुनी वाइन हवेत लवकर कोमेजते. बसल्या बैठकीत, एकेक घोट थांबून घ्या, आणि तळाचा दोन बोटे साका बाटलीतच राहू द्या.