लावणीच्या दिवसांत बायपास

"मॅडम, पावसाळा सरल्यावर ऑपरेशन केलं तर नाही का चालणार?" मे-जून आला की हा प्रश्न ठरलेला. आणि ज्यांचं ऑपरेशन होऊन गेलंय, त्यांच्या घरून त्याचंच दुसरं रूप येतं: पावसात केलं म्हणूनच जखम भरत नाहीये का? हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या पुनर्वसनात मी समुपदेशक म्हणून काम करते. हा प्रश्न अडाणीपणाचा आहे असं मला कधीच वाटलं नाही. ऋतूचा परिणाम होतो, पण लोक समजतात तिथे नाही. ओळख पटेल असे तपशील बदलून एका काकांची गोष्ट सांगते.

काका साठीच्या आसपासचे, पुणे जिल्ह्याच्या घाटाकडच्या पट्ट्यातले भातशेतकरी. जुलैच्या सुरुवातीला बायपास झालं. चार आठवड्यांनी तपासणीला आले तेव्हा सर्जननी छातीची जखम छान भरली असल्याचं सांगितलं. पायाची, म्हणजे जिथून बायपाससाठी शीर काढली ती, मात्र ओलसर होती आणि कडा पांढरट पडल्या होत्या. शिवाय काका नीट जेवत नव्हते, चालत नव्हते, कुणाशी बोलत नव्हते. म्हणून त्यांना माझ्याकडे पाठवलं.

बोलल्या त्या काकूच. "पावसापाण्यात चिरफाड करायची नसती, असं माझा भाऊ सांगत होता. दिवाळी झाल्यावर केलं असतं तर लवकर भरलं असतं ना वो?"

काकांच्या हृदयाच्या डाव्या मुख्य धमनीच्या तोंडाशीच मोठा अडथळा होता. तिथला अडथळा दिवाळीची वाट बघत नाही. चार महिने थांबणं हाच मोठा धोका होता, हे मी काकूंना स्पष्ट सांगितलं. ऑपरेशन पुढे ढकलायचं मनात असलं की सर्जनना एकच प्रश्न विचारा: माझ्या बाबतीत किती दिवस थांबणं सुरक्षित आहे? उत्तर 'दोन-तीन महिने चालतील' असं आलं, तर सवडीचा ऋतू खुशाल निवडा. 'याच आठवड्यात' असं आलं, तर कॅलेंडर भिंतीवरच राहू द्या. जखम भरण्यात ऋतूपेक्षा साखर, तंबाखू, पोटातलं अन्न आणि स्वच्छता यांचा वाटा मोठा असतो. काकांची उपाशीपोटीची साखर त्या दिवशी दोनशेच्या वर होती. पावसात गाडी बंद, मेडिकल तालुक्याला, गोळ्या संपून आठवडा झालेला.

मग मी पायाकडे वळले. सूज येऊ नये म्हणून दिलेला घट्ट लांब मोजा काकांनी घातला होता. हात लावला तर दमट. एकच जोड होता. काकू तो रोज धुवायच्या, चुलीवरच्या मांडवात वाळत घालायच्या आणि सकाळी तो ओलाच पायात चढायचा. ओल्या मोज्याखाली कातडी दिवसभर भिजून मऊ पडत होती. पावसाळा जखमेत शिरला होता तो असा. इलाज साधा: आणखी एक जोड, रात्री मोजा काढून पाय कोरडा टिपणं, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणं आणि डॉक्टरांनी दिलेली मलमपट्टी. जखमेतून पू आला, लाली पसरली, ताप आला किंवा कुशीवर वळताना छातीचं हाड कटकट वाजल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हेही काकूंना दोनदा सांगितलं.

दुसरी गोष्ट घरात होती. 'हवा लागू नये' म्हणून काकांच्या खोलीची खिडकी महिनाभर बंद. स्वयंपाक शेजारीच, ओल्या लाकडांवर. त्या धुराने खोकला यायचा आणि खोकताना छातीचं हाड दुखायचं. हे हाड तारांनी बांधलेलं असतं. ते सांधायला सहा ते आठ आठवडे आणि पुरतं मजबूत व्हायला साधारण तीन महिने लागतात. काकांना वाटायचं टाके उसवणार, म्हणून ते खोकला दाबून धरायचे आणि कफ आत साठायचा. खोकताना उशी छातीशी गच्च धरायची, हे त्यांना दवाखान्यात शिकवलं होतं, पण घरी गेल्यावर विसरलं. मी तिथेच उशी आणवून पुन्हा करून घेतलं. बाजलं पडवीत हलवायचं ठरलं.

एवढ्यावर मला थांबता आलं असतं, कारण बाकीचं सगळं पथ्याचंच होतं. पण काका अजून एक शब्द बोलले नव्हते. मी त्यांना शेतीचं विचारलं. लावणी कुठवर आली?

बराच वेळ त्यांनी उत्तर दिलं नाही. मग म्हणाले, "ती चिखलात वाकलीय आन मी गोधडीत. माणसं बांधावरून जाता-येता बघत्यात." आणि रडले. काकूंनी त्यांना लग्नानंतर पहिल्यांदाच रडताना पाहिलं असावं. त्या घाबरल्या.

बायपासनंतर उदास वाटणं ही अपवादाची गोष्ट नाही. साधारण पाचांतल्या एकाला तरी ते जाणवतं. बहुतेकांचं काही आठवड्यांत निवळतं. ज्यांचं निवळत नाही त्यांचं चालणं, खाणं, गोळ्या सगळंच मागे पडतं, म्हणून त्याकडे काणाडोळा करून चालत नाही. काकांच्या उदासीला पावसाळ्याने आपला खास रंग दिला होता. ढगांपेक्षा लावणी त्यांना जास्त भोवली. चाळीस वर्षं जे काम त्यांच्याशिवाय झालं नाही, ते अंगणापलीकडे चाललं होतं. मार्चमध्ये ऑपरेशन झालं असतं तर कदाचित इतकं लागलं नसतं, हे मला मान्य आहे. शहरात हीच गोष्ट गणपतीत आरास करायला न मिळालेल्या आजोबांची असते. माणसाचा ऋतू त्याच्या कामात असतो आणि आजारपणात तो नेमका तिथे दुखतो, हे मी वारंवार पाहिलंय.

नैराश्याची प्रश्नावली भरून घेतली. जीव नकोसा होतो का, हेही सरळ विचारलं. तसा विचार नव्हता. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायचं ठरलं. तोवर काकांना काम दिलं, खरं काम. मजुरांची हजेरी आणि हिशोब त्यांच्याकडे. खत कुठून, कधी आणायचं, हे फोनवर त्यांनी ठरवायचं. दोन-तीन किलोच्या वरचं काही उचलायचं नाही. आणि चालायचं: अंगणात शेवाळ, म्हणून पडवीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, सुरुवातीला पाच मिनिटं, दिवसातून तीन वेळा, बोलता येईल एवढ्याच वेगाने. काकूंना म्हटलं, संध्याकाळी शेतावरून आलात की आधी त्यांना शेतातलं सांगा, गोळ्यांचं नंतर विचारा.

लोणचं-पापड बंद झालं, ते मात्र त्यांना फार जड गेलं. पावसात पेज आणि पापड हेच जेवण. पण मिठाने पाणी साठतं. रोज सकाळी वजन करायचं आणि एक-दोन दिवसांत किलो-दीड किलो वाढलं तर कळवायचं. काट्यासाठी त्यांनी दूध डेअरीवाल्याला गाठलं.

पावसाळ्यातल्या तापाबद्दल एक सांगायलाच हवं. रक्ताची गुठळी होऊ न देणाऱ्या ॲस्पिरिनसारख्या गोळ्या चालू असताना डेंग्यूची शंका आली तर मनाने त्या बंद करू नका आणि अंगदुखीसाठी मेडिकलमधून गोळी आणून खाऊ नका. रक्त तपासा आणि हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा. ज्यांची हृदयाची झडप बदललीय आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे, त्यांनी रानभाज्या, अळू, हिवाळ्यात पालक-मेथी एकदम ताटभर सुरू करू नये. त्यातल्या 'के' जीवनसत्त्वाने गोळीचा परिणाम कमी होतो. बंद करा असं कुणी म्हणत नाही, प्रमाण सारखं ठेवा.

उन्हाळ्याचा धोका वेगळा. विदर्भातल्या एका आजोबांना जानेवारीत पाण्याची मर्यादा घालून दिली होती. मे महिन्यात पारा पंचेचाळिसाला टेकला तरी ते तेवढंच पाणी पीत होते, लघवी वाढवणारी गोळी चालूच. उठताना चक्कर येऊन पडले. पाण्याची मर्यादा आणि गोळ्यांचा डोस ऋतू पालटला की पुन्हा विचारून घ्यायचा असतो.

काका ऑक्टोबरअखेर आले तेव्हा चेहऱ्यावर तरतरी होती, जखमा भरलेल्या, साखर आटोक्यात. मानसोपचारतज्ज्ञांकडे जायची वेळ आली नव्हती. आता प्रश्न कापणीचा. सर्जननी हाड तपासून परवानगी दिली: उन्हं चढायच्या आत तासभर विळा चालवायला हरकत नाही, दम लागला की थांबायचं. थंडीसाठी मी माझं सांगितलं. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयविकाराचे झटके हिवाळ्यात जास्त येतात. म्हणून पहाटे फिरायला निघायचं नाही, ऊन पडल्यावर कान झाकून निघायचं आणि फ्लूच्या लशीचं डॉक्टरांना विचारायचं. भाताचे भारे डोक्यावर घ्यायचे का, हे काकांनी हळूच विचारलं. यंदा ते मुलाने वाहायचे, असं काकूंनीच सांगून टाकलं.