तंबाखूत सेंद्रिय आच्छादन घातल्याने वाढ आणि उत्पादन सुधारतं का? कोणतं आणि किती जाड घालावं?

सुधारतं. पण प्रश्न वाचला आणि राहवलं नाही, कारण याच गोष्टीवरून माझं आणि थोरल्या भावाचं आजही वाजतं.

लागणीनंतर आठच दिवसांत आम्ही गव्हाचं काड सऱ्यांत दाबून भरलं, चांगलं वीतभर. कल्पना माझी. तिसऱ्या आठवड्यात रोपं पिवळी. दादा म्हणाला, "तुझ्या काडानं रोपं खाल्ली." तसं ते खोटं नव्हतं, काड कुजवणारे जिवाणू जमिनीतलं नत्र आधी स्वतः उचलतात. तेव्हा थांबायला हवं होतं. पण त्यानं सांगितलं, मी युरिया फेकला. एकदा नाही, दोनदा. पुढे काड कुजून अडकलेलं नत्र सुटलं आणि वर हा युरिया. शेंडे खुडले तरी पानं हिरवीगार, पिकायचं नाव नाही. बगलफूट, म्हणजे पानांच्या बेचक्यातून फुटणारे कोंब, मोडून मोडून बोटं काळी पडली. पानं सुकवायच्या भट्टीत त्यांनी पिवळा रंग धरलाच नाही. वजन भरलं, भाव गेला. तेव्हापासून दादाच्या लेखी आच्छादन म्हणजे थोतांड.

अहो, दोष काडाचा नव्हता, उशिरा मिळालेल्या नत्राचा होता! त्याच रानात ओल टिकली होती, तण नावाला होतं आणि खालची पानं पावसाच्या शिंतोड्यांनी मातकट झाली नव्हती. हे तो कधी काढत नाही.

काड घाला, पण रोपं नीट रुजल्यावर, शेवटच्या कोळपणीनंतर. तीनेक बोटं जाड, बुंध्याला न टेकवता. अर्धवट कुजलेलं असेल तर उत्तमच. तंबाखूचीच धसकटं मात्र पसरू नका, मोझॅकचा, म्हणजे पानांवर हिरवे-पिवळे चट्टे पाडणाऱ्या रोगाचा, विषाणू वाळक्या काडीतही तग धरतो. आणि काही झालं तरी उशिरा युरिया नको.

दादावर विश्वास असेल तर चार सऱ्या झाकून, चार मोकळ्या ठेवून बघा. पानं वेगळी भाजा, वेगळी तोला. आम्ही तेव्हा हे केलं नाही, म्हणून भांडण अजून मिटलेलं नाही.

हो, राहिलंच: रान पाणी धरणारं असेल तर पावसात आच्छादन नकोच, तंबाखूच्या मुळांना तुंबलेलं पाणी सोसत नाही. बंबाखू हे परजीवी तण रानात असेल तर काडाच्या भरवशावर बसू नका. तो तंबाखूच्या मुळावरच पोसतो, काडातून डोकं काढतोच. बी धरायच्या आत उपटा.