नवीन बांधलेल्या घराच्या विम्याला वर्षाला किती खर्च येतो? बँक सांगते तेवढा खरंच लागतो का?

तुम्ही लिहिलंय की कराडजवळ १८ लाखांचा प्लॉट, त्यावर ३२ लाखांचं बांधकाम, आणि लोनचा शेवटचा हप्ता सोडताना बँकेतल्या माणसानं 'घराचा इन्शुरन्स' म्हणून १ लाख २० हजारांचा आकडा सांगितला, वर तो लोनमध्येच ॲड करू म्हणाला. सही करायच्या आधी विचारलंत हे फार बरं केलंत.

सरळ उत्तर आधी देतो. तुमच्या घराचा विमा वर्षाला साधारण हजार ते दोन हजार रुपयांत होतो, जीएसटी धरून. नदीकाठचा पिनकोड असेल तर थोडा वर जाईल, पण लाखाच्या घरात कधीच जात नाही. तुम्हाला सांगितलेला आकडा बहुतेक घराचा नाहीच, तो तुमच्या जिवाचा विमा आहे, म्हणजे तुम्हाला काही झालं तर उरलेलं लोन फिटतं. वाईट गोष्ट नाही ती, पण भिंत पडली, घरात पाणी शिरलं तर त्यातून एक रुपया मिळत नाही, आणि लोक वर्षानुवर्षं समजून बसतात की आपल्या घराचा विमा आहे. शिवाय तो प्रीमियम लोनमध्ये घातला की त्यावर व्याज चालू. २० वर्षं, साडेआठ टक्के धरा, १ लाख २० हजाराचे जवळपास अडीच लाख भरता तुम्ही. त्यापेक्षा साधा टर्म प्लॅन, म्हणजे ठरावीक मुदतीचा नुसता जिवाचा विमा, वेगळा घ्या, वैयक्तिक टर्म प्लॅनवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही (घराच्या विम्यावर मात्र १८ टक्के अजून आहेच).

घर गहाण असताना त्याचा विमा असावा अशी अट लोनच्या करारात असते आणि ती रास्त आहे. पण आमच्याच कंपनीचा घ्या ही सक्ती नाही. मॅनेजरला शांतपणे सांगा की मी बाहेरून पॉलिसी घेऊन कॉपी देतो, त्यात बँकेचं नाव टाकून घेतो. आणि जिवाच्या विम्याला नको म्हणायचं असेल तर तसं लेखी द्या, तोंडी बोलणं तिथंच विरून जातं.

आता पॉलिसी कुठली. 'भारत गृह रक्षा' हे नाव लक्षात ठेवा. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयनं, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, घरांसाठी ठरवून दिलेली पॉलिसी आहे ही, कंपनी कुठलीही असो मूळ कव्हर सारखंच असतं, त्यामुळे ताडून बघायला सोपी जाते. आग, वीज, पूर, वादळ, भूकंप, दरड, दंगल, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं, सगळं मुळातच धरलेलं असतं. ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप तुमच्याकडच्या मोठ्या माणसांना आठवत असेल, त्या भागात भूकंपाचं कव्हर आतच असणं ही मोठी गोष्ट आहे.

रक्कम किती लिहायची यात सगळ्यात जास्त घोळ होतो. ५० लाखांचा विमा काढू नका. प्लॉट जळत नाही, वाहूनही जात नाही, स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशनचा तर प्रश्नच नाही. तेच घर आज पुन्हा बांधायला जेवढं लागेल तेवढीच रक्कम, म्हणजे कार्पेट एरिया गुणिले तुमच्याकडचा आजचा बांधकामाचा दर, वर कंपाउंड, गेट, सेप्टिक टँक, टाकी, छतावरचं सोलर असेल तर ते. तुमचे ३२ लाख त्यात हे सगळं धरून असतील तर तोच आकडा. एरिया मात्र खरा लिहा, प्रीमियम वाचवायला कमी दाखवायचा मोह होतो काही जणांना आणि वाचतात किती तर दोनतीनशे रुपये!

घरातल्या सामानाला इमारतीच्या रकमेच्या २० टक्के कव्हर आपोआप मिळतं, जास्तीत जास्त १० लाख. म्हणजे तुमचं ६ लाख ४० हजारांचं सामान वेगळे पैसे न देता धरलं जातं. दागिने यात येत नाहीत, त्यांची वेगळी यादी आणि किंमत द्यावी लागते. आणि साधी घरफोडी मूळ पॉलिसीत नसते बरं का, पूर-आगीसारखी घटना घडल्यापासून ७ दिवसांत झालेली चोरी तेवढी धरतात, घरफोडीचं कव्हर वेगळं मागून घ्या.

आता जे मला खरं तळमळीनं सांगायचंय. मी सिव्हिल इंजिनिअर आहे, सांगली-कराड पट्ट्यातच घरं बांधतो, आणि तुम्ही जाता जाता लिहिलंय की प्लॉट रस्त्यापेक्षा खाली होता म्हणून मुरमाचा भराव घातला. पॉलिसीत जमीन खचण्याचं कव्हर आहे, पण त्याखालचे अपवाद वाचा. नवीन बांधकाम बसताना पडणाऱ्या भेगा नाहीत, भरावाची जमीन बसली-सरकली तर नाही, नदीनं काठ कापला तर नाही, डिझाइन किंवा माल खराब निघाला तरी नाही. नव्या घराला पहिल्या दोन-तीन वर्षांत जे त्रास होतात ते बरेचसे यातलेच असतात! बिल्डरकडून फ्लॅट घेतलेल्याला रेरा कायद्यानं ताब्यापासून ५ वर्षं बांधकामातले दोष बिल्डरकडून फुकट दुरुस्त करून मागता येतात, पण तुम्ही स्वतः कॉन्ट्रॅक्टर लावून बांधलंय, तुमचा आधार फक्त त्याच्याशी केलेला करार. त्यामुळे शेवटचं बिल पूर्ण चुकतं करू नका, पाचेक टक्के एक पावसाळा जाईपर्यंत हातात ठेवा आणि तसं लिहून घ्या. विमा त्या जागी चालणार नाही.

पुराचं तसं नाही, तिथं विमा खरंच कामाला येतो. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे लोकांनी पाणी ओसरल्या ओसरल्या गाळ काढला, भिजलेल्या गाद्या, फ्रीज, कपाटं रस्त्यावर टाकली, नगरपालिकेनं उचलून नेली, आणि मग सर्व्हेअरला, म्हणजे नुकसान तपासायला येणाऱ्या माणसाला, दाखवायला काही उरलंच नाही. माणूस त्या वेळी घर साफ करायलाच धावणार, चूक म्हणता येत नाही त्याला. म्हणून आत्ताच, सामान लावून झालं की प्रत्येक खोलीचा मोबाइलवर व्हिडिओ काढा, बिलांचे फोटो काढा, आणि दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाला पाठवून ठेवा. पाणी आलंच तर भिंतीवरची पाण्याची रेघ आधी फोटोत घ्या, कंपनीला फोन करून तक्रार नंबर घ्या, मग झाडू हातात घ्या.

पॉलिसी १० वर्षांपर्यंतची एकदम घेता येते, त्यात रक्कम दर वर्षी १० टक्के आपोआप वाढते, लोन लांबचं असेल तर मला हेच बरं वाटतं कारण रिन्यूअल विसरायची भानगड नाही. पण घर विकायचा विचार असेल तर वर्षावर्षाची घ्या. दोन-तीन कंपन्यांकडून क्वोट मागवा, सगळ्यांना एरिया आणि रक्कम तीच सांगा नाहीतर तुलना होणारच नाही, आणि जून लागायच्या आत पॉलिसी हातात घ्या.