यीस्टच्या पेशीभित्तिकेची (भिंतीची) जनुकं शोधताना

भाऊ, यीस्टची सुमारे ६,००० जनुकं बघून घाबरू नकोस. वीसेक डिलीशन म्युटंट (प्रत्येकात एकेक जनुक काढलेलं) घे, सोबत तुलनेला मूळ, न बदललेला स्ट्रेन हवाच, आणि कॅल्कोफ्लोर व्हाइटच्या (भिंतीतल्या कायटिनला चिकटून भिंत बिघडवणारा रंग) प्लेटवर दरवेळी दसपट पातळ करत नेलेल्या पेशींचे ठिपके दे.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- वाढ खुंटली की जनुक भिंतीचंच, असं धरून चालतात. १ मोलर सॉर्बिटॉल घालून बघ; त्याने कमकुवत भिंतीची पेशी फुटत नाही. म्युटंट सावरला तर संशय बळावतो. मग जनुक परत घालून खात्री कर.
- जोमाने वाढणारे म्युटंट बाजूला टाकतात. सीएचएस३ हे कायटिन बनवणारं जनुक काढलं की भिंतीतलं कायटिन घटतं आणि पेशी कॅल्कोफ्लोरला दाद देत नाहीत. मला तर हा निकाल फार सुंदर वाटतो!
- जळगावचा मे महिना! साधा इन्क्युबेटर थंड करत नाही आणि यीस्टला ३० अंश हवेत. थंडही करणारा बीओडी इन्क्युबेटरच वापर.

भिंत बिघडल्याचा निरोप पेशीत कसा पोहोचतो (सिग्नलिंग), ते नंतर बोलू. पहिल्या प्लेटचा फोटो पाठव.