वाचकांचे प्रश्न: नाव एक, नौका दोन

प्रश्न: आजोबा नौदलात होते. त्यांच्या ट्रंकेत एका युद्धनौकेचा फोटो सापडला. मागे पेन्सिलीनं 'आयएनएस कृष्णा, १९७४' असं लिहिलंय. इंटरनेटवर मात्र कृष्णा म्हणजे ब्रिटिशांकडून घेतलेली 'अँड्रोमेडा' असं दिसतं, आणि तिचे फोटो याच्याशी जुळत नाहीत. आजोबांनी नाव चुकीचं लिहिलं का? (महाल, नागपूर)

उत्तर: आजोबांनी बरोबर लिहिलंय. १९७४ साली अँड्रोमेडा ब्रिटिश नौदलातच होती, आपल्याकडे ती १९९५मध्ये आली. तुमच्या फोटोतली कृष्णा तिच्या आधीची. ती १९४३मध्ये स्कॉटलंडला क्लाइड नदीवर यारो कंपनीच्या गोदीत बांधली गेली. ब्लॅक स्वान वर्गाची ही स्लूप, म्हणजे ताफ्याला सोबत करणारी छोटी युद्धनौका. तेव्हा तिचं नाव 'किस्टना' होतं, कृष्णा नदीचं साहेबी रूप. ऑक्टोबर १९४७मध्ये जुनागढ प्रकरणात पोरबंदरला आपलं सैन्य उतरवणाऱ्या नौकांमध्ये ती होती. १९८१ साली ती निवृत्त झाली आणि नदीचं नाव पुढं दुसऱ्या नौकेला मिळालं.

फोटोवरून ओळखायचं तर आधी नौकेची मागची बाजू बघा. तिथं सपाट हेलिकॉप्टर डेक आणि त्याच्या पुढं पेटीसारखं हँगर असेल तर ती फ्रिगेट, म्हणजे स्लूपपेक्षा मोठी युद्धनौका अँड्रोमेडा. स्लूपला हे दोन्ही नव्हतं, शिवाय ती ९१ मीटरची, तर फ्रिगेट ११३ मीटरची.

नौकेचा इतिहास लिहिताना नाव धरू नका, सांगाडा धरा. नाव बदलतं, क्रमांक बदलतो (अँड्रोमेडाचा एफ ५७ इथं एफ ४६ झाला), शस्त्रंही बदलतात. बांधणीची गोदी आणि जलावतरणाची तारीख कधीच बदलत नाही. आजोबांच्या सेवापुस्तिकेत नौकेच्या नावापुढं रुजू झाल्याची आणि सुटल्याची तारीख असते. ती आधी टिपून घ्या, मग ती तारीख कोणत्या सांगाड्याच्या काळात बसते ते पाहा. किस्टना-कृष्णाला १९४३ ते १९८१, अँड्रोमेडा-कृष्णाला १९९५ ते २०१२.

प्रश्न: अँड्रोमेडा इकडं आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. वाफेवर चालणारी इतकी जुनी नौका का घेतली? मी कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर काम करतो, म्हणून विचारतोय. (कोराडी)

उत्तर: घेतली ती प्रशिक्षणासाठी, आणि आपल्या लोकांना तिची यंत्रं पाठ होती. माझगाव डॉकनं बांधलेल्या आणि १९७२पासून नौदलात आलेल्या निलगिरी वर्गाच्या सहा फ्रिगेट अँड्रोमेडासारख्याच ब्रिटिश 'लिअँडर' वर्गाच्या आराखड्यावरच्या. दोन बॉयलर, दोन टर्बाइन, ३०,००० अश्वशक्ती, वेग सुमारे २८ नॉट. नवी जात आणली की सुट्या भागांचा वेगळा साठा आणि वेगळं प्रशिक्षण लागतं. इथं तो खर्च वाचला.

देण्यापूर्वी ब्रिटिशांनी सी वुल्फ (विमानविरोधी) आणि एक्झोसेट (जहाजविरोधी) क्षेपणास्त्रं उतरवून घेतली. आपल्याकडे तिच्यावर ४० मि.मी. बोफोर्ससारख्या हलक्या तोफा राहिल्या. मोकळ्या झालेल्या जागेत प्रशिक्षणार्थी अधिकाऱ्यांची सोय झाली, आणि कोची इथल्या प्रशिक्षण ताफ्यात ती दाखल झाली.

आता तुमच्या कामाचं. कंडेन्सरची (वापरलेली वाफ थंड करून तिचं पाणी करणाऱ्या यंत्राची) नळी गळण्याचा त्रास तुम्हालाही आहे, पण तिथं गळतं ते गोडं पाणी. समुद्रात नळीला सुईएवढं छिद्र पडलं तरी लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम मीठ असलेलं पाणी थेट फीडमध्ये, म्हणजे बॉयलरला जाणाऱ्या पाण्यात, शिरतं. त्यातलं क्लोराइड बॉयलरच्या नळ्या आतून खड्डे पाडत खातं. म्हणून पाण्याचे नमुने दिवसरात्र तपासले जातात. परीक्षानळीतल्या नितळ पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकायचे. पाणी नितळच राहिलं तर ठीक, दुधाळ झालं की त्या बाजूचा कंडेन्सर बंद करून गळकी नळी शोधायची आणि तिच्या दोन्ही तोंडांना बूच मारायचं. जुन्या नौकेत बूच मारलेल्या नळ्या वाढत जातात, कंडेन्सरमधला निर्वात घटतो आणि तेवढ्याच वाफेत वेग कमी मिळतो. खरेदीआधी ही बूचं मोजणं रंगरंगोटी पाहण्यापेक्षा शंभर पटीनं महत्त्वाचं.

दुसरी अडचण विजेची. या नौकेवर ४४० व्होल्ट, ६० हर्ट्झ. आपली बंदरावरची वीज ५० हर्ट्झची. ती तशीच जोडली तर मोटारी सहाव्या हिश्शानं मंदावतात आणि तापतात. धक्क्यावर फ्रीक्वेन्सी कन्व्हर्टर हवा, नाहीतर नौकेचे जनरेटर बंदरातही चालू ठेवावे लागतात.

प्रश्न: १:३५० मापात अँड्रोमेडा-कृष्णाचं मॉडेल करायचंय. जुना लिअँडरचा आराखडा चालेल का? (धरमपेठ, नागपूर)

उत्तर: तसाच नाही चालणार. ब्रिटिशांच्या २६ लिअँडरपैकी शेवटच्या दहा रुंद होत्या, ४१ऐवजी ४३ फूट. अँड्रोमेडा त्या दहांतली. तुमच्या मापात लांबी ३२४ मि.मी. आणि रुंदी साडेसदतीस येते, अरुंद आराखड्यात जेमतेम पावणेछत्तीस. दोन मि.मी.पेक्षा कमी वाटेल, पण वरचा डेक बसवताना फट दिसते. सांगाडा मध्यरेषेवर उभा कापून एक पाऊण आणि एक पूर्ण मि.मी.ची अशा दोन प्लास्टिक पट्ट्या भरा, नंतर डेक रुंद करा.

त्याहून मोठी चूक पुढच्या तोफेची होते. ४.५ इंची जोडतोफेचा बुरूज १९८०च्या आधीच्या अँड्रोमेडावर होता, १९७७ ते ८०च्या दुरुस्तीत तो गेला. त्यामुळं तोफ लावली तर क्रमांक एफ ५७ आणि ब्रिटिश झेंडाच हवा. कॉड युद्धातली (ब्रिटन-आइसलँडच्या मासेमारीच्या वादातली), आइसलँडच्या गस्ती जहाजाशी टक्कर झालेली अँड्रोमेडा हीच. १९८२च्या फॉकलंड युद्धातली करायची तर तोफेच्या जागी चार एक्झोसेट आणि सी वुल्फचा सहा नळ्यांचा प्रक्षेपक. कृष्णा करायची तर पुढची जागा मोकळी सोडा, हँगर मात्र लिंक्स हेलिकॉप्टरसाठी वाढवलेलंच ठेवा. रंग आणि झेंडा शेवटी, आधी साल ठरवा.